नंबर कोणाच्या नावावर?

घरगुती धंद्यासाठी फोनची कोणती व्यवस्था घ्यावी, हा काय स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे, असं कुणी विचारेल. दुकानात जावं, कार्ड घ्यावं, बोलायला लागावं. त्यात एवढा विचार तो कसला? पण नागपुरातल्या वस्त्यांमध्ये बचत गटांच्या बायकांबरोबर आणि सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांबरोबर काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेगवेगळ्या रूपांत आला आहे, की तो नुसता सोयीचा प्रश्न आहे असं मला म्हणवत नाही. तो बाईच्या कमाईचा, तिच्या वेळेचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी तो मालकीचा प्रश्न आहे.

नागपुरात घरातून धंदा करणाऱ्या बायका कोण आहेत ते आधी पाहू. उलट्या मडक्यावर लंबी रोटी भाजून देणाऱ्या आहेत. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया, मूगवड्या घालणाऱ्या आहेत. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलामुलींना डबे देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, समोरच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या, थंडीत सांभारवडी आणि दिवाळीत चिवडा-अनारसे करून देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या आहेत. यांतल्या बहुतेकींना दुकान नाही, दारावर पाटी नाही. गिऱ्हाईक येतं ते फोनवर. म्हणजे फोनचा नंबर हेच त्यांचं दुकान. तो पापडाच्या पुड्यावर छापलेला असतो, लग्नघरी एकीकडून दुसरीकडे जातो, व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतो. पुडा बांधून विकायचा तर वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तक्रारीसाठी नाव, पत्ता आणि फोन नंबर त्यावर द्यावाच लागतो. कारखानदार कचेरीचा नंबर छापतो. घरात माल करणाऱ्या बाईला कचेरी कुठली? ती स्वतःचाच नंबर छापते.

त्याच नंबरवर मुलांच्या शाळेचा निरोप येतो, बँकेचा ओटीपी येतो, माहेरचा फोन येतो आणि रात्री साडेदहाला "मॅडम, उद्या सकाळी चाळीस रोट्या भेटतील का?" असाही फोन येतो. बाई पोळ्या लाटता लाटता खांद्यावर फोन धरून भाव सांगते. फोन उचलणं, ऑर्डर लिहून घेणं, पत्ता समजावून सांगणं, उधारीची आठवण करून देणं, हे सगळं काम आहे. पण रोटीचा भाव ठरवताना पीठ, तेल आणि सरपण मोजलं जातं; फोनवर गेलेले दोन तास कुणी मोजत नाही. घरकाम जसं मोजलं जात नाही, तसंच हे. घरातून काम करणाऱ्यांना कामगार म्हणून हक्क देणारा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये मंजूर केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कामाची जागा आणि कामाचे तास हे शब्द घरातल्या बाईच्या वाट्याला आलेच नाहीत, आणि फोननं उरलीसुरली सीमाही पुसून टाकली.

म्हणून घराचा नंबर वेगळा आणि धंद्याचा नंबर वेगळा, ही पहिली गरज आहे. पण वेगळा नंबर घ्यायचा म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: तो कोणाच्या नावावर?

थोडं मागं जाऊन पाहू. घरोघरी फोन नव्हते तेव्हा लोक ओळखपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहीत. शेजारची काकू खिडकीतून हाक मारायची आणि आपण धावत जायचो. कोणाचा फोन आला, किती वेळ बोलणं झालं, हे सगळ्या वाड्याला कळायचं. मग घरात फोन आला, तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. त्याला कुलूपही असायचं आणि किल्ली बहुधा त्याच्याच खिशात. १९९५ मध्ये देशात मोबाइल सुरू झाला, २००३ पासून येणाऱ्या फोनला पैसे लागेनासे झाले आणि हळूहळू बाईच्या हातात फोन आला. पण हातात आला म्हणजे तिचा झाला का? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरते असा मोबाइल आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. कार्ड कोणाच्या नावावर आहे, हा त्याच्याही पुढचा प्रश्न आहे.

गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न विचारते तेव्हा आधी हशा पिकतो. "फोन माह्याच हातात असते, शिम त्याइच्या नावानं हाय," असं एक जण सांगते आणि मग एकेक हात वर होतो. कुणाचं कार्ड नवऱ्याच्या नावावर, कुणाचं दिराच्या, कुणाचं लग्नाआधी भावानं घेऊन दिलेलं. घेताना ज्याचं आधार कार्ड हाताशी होतं त्याचं दिलं गेलं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. संसार सुरळीत चालू आहे तोवर फरकही पडत नाही.

फरक पडतो तो संसार विस्कटल्यावर. आठ-नऊ वर्षं मेसचे डबे देणारी एक बाई मारहाणीला कंटाळून मुलांना घेऊन माहेरी आली. भांडी नव्यानं घेता आली, गॅस मिळाला, हाताची चव तर तिच्याजवळच होती. पण नवऱ्यानं कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच नंबरचं दुसरं कार्ड काढलं आणि तिच्या फोनमधलं कार्ड बंद पडलं. त्याला कुणी अडवलं नाही, कारण कागदावर ग्राहक तोच होता. गिऱ्हाइकांचे फोन त्याच्याकडे जाऊ लागले. तो काय सांगत असेल याची आपण कल्पना करू शकतो. बँकेचे ओटीपीही त्याच नंबरवर. आठ-नऊ वर्षांची ओळख, विश्वास, येणी, सगळं एका दिवसात तिच्या हातून गेलं. तिचं दुकान कुणी जाळलं असतं तर पंचनामा झाला असता. इथे पंचनामा कशाचा करायचा?

जमिनीच्या बाबतीत हे आपण ओळखलं होतं. शेतात राबणारी बाई आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं, या अन्यायाविरुद्ध १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि विदर्भातल्याही अनेक गावांत बायकांच्या नावावर जमिनी झाल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा मुद्दा हाच होता, की बँकेचं कर्ज बाईला तिच्या स्वतःच्या नावावर मिळावं, सावकाराच्या दाराशी तिनं उभं राहू नये. जमीन, घर, बँकेचं खातं यांच्याबरोबर आज नंबरही घ्यायला हवा. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून मालमत्ता नाही, असं नाही.

आता फोनच्या व्यवस्थांकडे वळू. आजकाल एक नवी व्यवस्था विकायला आली आहे. तिला आभासी नंबर किंवा ‘व्हर्च्युअल नंबर’ म्हणतात. हा नंबर कुठल्याही सिमकार्डात नसतो. गिऱ्हाईक तो फिरवतं, फोन आधी कंपनीच्या यंत्रणेत जातो आणि तिथून आपण सांगितलेल्या फोनवर वाजतो. सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज स्वागत करतो: पापडासाठी एक दाबा, मसाल्यासाठी दोन दाबा. संध्याकाळी सातनंतर ‘आता बंद आहे’ असं यंत्रच सांगतं. एक बाई कामात असेल तर फोन दुसरीकडे वाजतो. किती फोन आले, किती चुकले, याची नोंद राहते, बोलणं रेकॉर्डही होतं. आपल्या देशात एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर अशा कंपन्या ही सेवा देतात. टॅक्सीवाल्याचा किंवा जेवण आणून देणाऱ्या मुलाचा फोन येतो तेव्हा त्याचा खरा नंबर आपल्याला दिसत नाही आणि आपला त्याला दिसत नाही, ती सोयही याच जातीची.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ‘एक दाबा, दोन दाबा’ ही नव्हे. बाईचा खासगी नंबर झाकलेला राहतो, ही आहे. पुड्यावर छापलेल्या नंबरवर पापडाची चौकशी करणारे फोन येतात, तसे ‘तुमचा आवाज छान आहे’ म्हणणारेही येतात. पार्लरच्या नंबरवर तर काय काय विचारलं जातं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर नंबर असला की फोटो दिसतो, रात्री व्हिडिओ कॉल येतो. ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून सुरू. घरात सांगावं तर ‘बंद कर तो धंदा’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून बायका सांगत नाहीत. बाई नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण तक्रार करायची तर पुरावा लागतो. कोणत्या नंबरवरून, किती वाजता, किती वेळा फोन आला याची नोंद यंत्रणेत आपोआप राहत असेल, तर त्याचा बाईला निश्चित उपयोग आहे.

हे सगळं खरं असलं, तरी कंपनीचा माणूस सोयींची यादी वाचून दाखवेल तेव्हा आपण भुलून जाऊ नये. त्याच्या यादीत नसलेले प्रश्न आपणच विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न: हा नंबर माझा आहे, की भाड्याचा? आभासी नंबर बहुतेक वेळा भाड्याचाच असतो. भाडं थकलं की तो बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. साध्या मोबाइलचा नंबर जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलून आपल्याबरोबर नेता येतो. आभासी नंबराची तशी खात्री नसते. ०७१२ नं सुरू होणारा नागपूरचा नंबर असेल तर तो नेता येणारच नाही, कारण लँडलाइन नंबरासाठी आपल्याकडे ती सोयच नाही. म्हणजे दहा वर्षं पुड्यावर छापून ओळखीचा केलेला नंबर कंपनीच्या मर्जीवर. भाडेकरूच्या दुकानासारखी ही गत आहे. नंबर बरोबर नेता येतो की नाही, हे लेखी घ्यावं.

दुसरा: करार कोणाच्या नावावर होणार आणि पासवर्ड कोणाकडे राहणार? अशा कंपन्या ओळखपत्राबरोबर धंद्याची नोंदणी मागतात. नोंदणी नवऱ्याच्या नावावर असेल तर सिमकार्डाचीच गोष्ट पुन्हा घडेल. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून सुरू आहे. ती बाईनं स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि त्यावरच करार करावा.

तिसरा: रेकॉर्ड केलेलं बोलणं कोण ऐकणार? ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला बाई कोणाशी काय बोलली ते सगळं ऐकता येतं. धंद्याची सोय म्हणून घेतलेली यंत्रणा संशयी नवऱ्याच्या हातात पाळतीचं साधन होऊ शकते. रेकॉर्डिंगची गरज नसेल तर ते बंद ठेवायला सांगावं. ठेवायचं असेल तर गिऱ्हाइकालाही आधी तसं सांगितलं पाहिजे.

चौथा: मी उलट फोन केला तर कोणता नंबर दिसेल? येणारे फोन आभासी नंबरवर आले आणि बाईनं आपल्या नेहमीच्या फोनवरून उलट फोन लावला, तर तिचा खासगी नंबर गिऱ्हाइकाला दिसतोच. तो झाकायचा तर कंपनीच्या ॲपमधूनच फोन लावावा लागतो. त्यासाठी बरा फोन आणि नेट लागतं, आणि काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. हे कळलं नाही तर पैसेही जातात आणि नंबरही जातो.

पाचवा: एकूण पैसे किती? महिन्याचं भाडं, वर्षाचे आगाऊ पैसे, मिनिटाचा दर आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. डब्याच्या हिशेबात हे किती डब्यांचे पैसे झाले, असं मोजावं. जीएसटीची नोंदणी नसलेल्या बाईला तो कर कुठेही वळता करून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

हे प्रश्न विचारून पाहिले की माझं मत असं बनतं: एकट्यानं धंदा करणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी आभासी नंबराच्या मागे लागू नये. तिनं आधी स्वतःच्या आधारावर, स्वतःच्या नावानं दुसरं सिमकार्ड घ्यावं. आजकाल साध्या फोनमध्येही दोन कार्डं बसतात. धंद्याचं कार्ड रात्री बंद ठेवता येतं, घरचं चालू. फक्त त्यात वेळेवर रिचार्ज टाकत राहावं. प्रीपेड कार्ड सलग ९० दिवस वापरलंच नाही तर बंद होऊ शकतं. त्या नंबरवर व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं ॲप घालावं. ते २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. त्यात कामाची वेळ लिहिता येते, वेळेनंतर आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जातं, मालाचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात. फोटोच्या जागी स्वतःचा चेहरा न लावता पापडाचा लावावा. ‘लिंक केलेली उपकरणं’ हा भाग अधूनमधून उघडून पाहावा, म्हणजे आपले निरोप दुसऱ्या कुठल्या फोनवर किंवा संगणकावर वाचले जात आहेत का ते कळतं. ओटीपी आणि यूपीआय मात्र त्या पुड्यावर छापलेल्या नंबराला जोडू नये. बँकेसाठीचा नंबर वेगळा, तोही स्वतःच्याच नावावरचा.

आभासी नंबराचा खरा उपयोग आहे तो गटाला. दहा बायकांचा गट असेल, पाच जणी पापड करतात, तिघी मसाला कुटतात, दोघी पोचवतात, तर कोणाचा नंबर छापायचा यावरून रुसवेफुगवे होतात, हे गटात काम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. जिचा नंबर, तिची गिऱ्हाइकं. ती गट सोडून गेली तर गिऱ्हाइकं तिच्याबरोबर जातात. ती बाळंतपणाला गेली तर गटाचा धंदा थांबतो. एकच नंबर गटाच्या नावावर असेल आणि तो पाळीपाळीनं सगळ्यांच्या फोनवर वाजत असेल, तर काम वाटलं जातं, ऑर्डरींची नोंद सगळ्यांना दिसते आणि कुणा एकीचा नंबर चारचौघांत जात नाही. भाडं दहा जणींत विभागलं की तेही झेपतं. इथे भाडेकरूपणाचा धोका राहतोच, पण तो एकटीच्या डोक्यावर राहत नाही.

परदेशी सल्ले वाचूनही काही जणी येतात. गूगल व्हॉइसचा फुकट नंबर घ्या, असं तिथे सर्रास सांगितलेलं असतं. तो वैयक्तिक वापरासाठी अमेरिकेत मिळतो, नागपुरात मिळत नाही. परदेशी नंबर देणारी ॲप्सही असतात. पण इतवारीतलं गिऱ्हाईक पापडासाठी अमेरिकेचा नंबर फिरवणार नाही, आणि हल्ली अशा नंबरांना लोक फसवणुकीच्या भीतीनं उचलतही नाहीत.

आणखी एका बदलाकडे आपलं लक्ष असायला हवं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी शिफारस केली, की फोन येताना करणाऱ्याचं नाव समोरच्याच्या फोनवर दिसावं, आणि ते नाव कार्ड घेताना अर्जात दिलेलं असावं. फसवणूक रोखायला हे चांगलं आहे. निनावी त्रास देणाऱ्यालाही आळा बसेल. पण बायकांच्या बाजूनं पाहा. कार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर ‘अन्नपूर्णा मसाले’ म्हणून फोन करणाऱ्या बाईच्या गिऱ्हाइकाला दिसणार नवऱ्याचं नाव. धंदा तिचा, नाव त्याचं, हे आता प्रत्येक फोनला वाजतगाजत जाहीर होणार. आणि कार्ड तिच्या नावावर असेल तर प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकाला तिचं कागदोपत्री नाव कळणार. आडनावासकट, म्हणजे आपल्या समाजात जातीसकट. रोटी कोणाच्या हातची आहे हे नावावरून ताडणारी माणसं या शहरात नाहीत, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. धंद्याच्या जोडणीवर नोंदणी केलेलं व्यापारी नाव दाखवता यावं, अशीही तरतूद त्या शिफारशीत आहे. पण घरातली बाई साधं, वैयक्तिक कार्ड वापरते. ती सोय तिच्यापर्यंत कशी पोचणार, हे आपण विचारलं पाहिजे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक घरातून येतो: "लपवण्यासारखं काय आहे, वेगळा नंबर कशाला?" यात उत्तर देण्यासारखं फारसं नाही. नवरा नोकरीच्या ठिकाणचा टेबलावरचा फोन घरी आणत नाही, आणि त्याला कुणी काय लपवतोस असं विचारत नाही. धंद्याला वेगळी जागा असते, तसा वेगळा नंबर असतो, इतकं साधं आहे हे.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो विचार करण्यासारखा आहे. त्या म्हणतात, "घरगुती मालाला गिऱ्हाईक येतं ते काकूंशी, ताईंशी बोलता येतं म्हणून. यंत्र बोलायला लागलं की आमच्यात आणि मोठ्या कंपनीत फरक काय राहिला?" हे खरं आहे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ‘एक दाबा, दोन दाबा’ नको असतं, आणि नुसत्या आवाजावरून "काहून वं, बरं नाही का आज?" असं विचारणारी गिऱ्हाइकंही असतात. म्हणून यंत्राचं काम कमीत कमी ठेवावं. स्वागताचं एक वाक्य गटातल्याच एकीच्या आवाजात, आपल्या बोलीत रेकॉर्ड करावं आणि लगेच फोन माणसाकडे जावा. पण ‘ताई’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला रात्री अकरा वाजता उत्तर द्यायला आपण बांधलेल्या नाही. आपुलकी आणि चोवीस तासांची हजेरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बायकांच्या बाबतीत त्या नेहमी एकच धरल्या जातात.

एकेकीनं शहाणपणानं निवड केली तरी प्रश्न पुरता सुटत नाही, म्हणून काही गोष्टी आपण मिळून मागायला हव्यात.

नवऱ्याच्या नावावरचं कार्ड बाईच्या नावावर करायला आज त्याची संमती लागते. सगळं ठीक असताना ती सहज मिळते, भांडण झाल्यावर मिळत नाही. म्हणून हे काम आत्ताच, या महिन्यातच करून घ्यावं. प्रत्येक गटानं एका बैठकीत फक्त हाच विषय घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येतं. आपण वापरत असलेला नंबर त्यात दिसत नसेल तर तो आपला नाही, हे समजावं.

ज्यांच्यावर वेळ आलेलीच आहे, त्यांच्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. त्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे. धंद्याचा नंबर बंद पाडणं, तो ताब्यात घेणं, गिऱ्हाइकांना खोटं सांगणं हा माझ्या मते आर्थिक छळच आहे. अर्ज लिहिताना दागिने आणि भांडी यांच्या यादीत धंद्याचा नंबरही लिहावा, आणि तो परत द्यावा असा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागावा. पुड्याचं वेष्टन, जुनी बिलं, गिऱ्हाइकांचे निरोप, हे सगळं तो नंबर तिच्या धंद्याचा असल्याचा पुरावा म्हणून जोडावं. संरक्षण अधिकाऱ्यांनी आणि वकील मैत्रिणींनी हे मागून पाहिलं, तर पुढच्या बायकांना वाट होईल.

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करतं आहे आणि त्याची लोकसंचालित साधन केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. अशा केंद्रांनी गटांसाठी सामाईक नंबर घ्यावा. वेष्टनावर घराऐवजी केंद्राचा पत्ता आणि नंबर छापता येईल का, याचं स्पष्ट मार्गदर्शन संबंधित खात्यांकडून मिळवावं. बचत गटांच्या मेळाव्यात मालाचे स्टॉल लावून देण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे. आणि ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या बाईला वैयक्तिक कार्डावरूनही आपल्या धंद्याचं नाव दाखवण्याचा हक्क मिळावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी ट्रायकडे लेखी करावी.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपापल्या कार्डाची चौकशी करून यावं. कोणतं ॲप, कोणती कंपनी, महिन्याचं भाडं किती, हे सगळं आपण नंतर बसून ठरवू. आधी नंबर आपल्या नावावर करून घेऊ या.